सागरतळाच्या ध्वनीपासून मोबाईलच्या लहरींपर्यंत

तालुक्याच्या गावी उभारलेल्या मोबाईलच्या मनोऱ्याकडे पाहिले, तर त्याच्या माथ्यावर चपट्या, उभट पेट्या बसविलेल्या दिसतात. बाहेरून एकसंध वाटणाऱ्या या प्रत्येक पेटीत एक नव्हे, अनेक अँटेना असतात. संदेश पाठविण्यास एक अँटेना पुरेशी असताना इतक्या कशासाठी, असा प्रश्न जिज्ञासू माणसाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण एका भारतीय विद्युत अभियंत्याच्या कार्यापाशी येऊन पोहोचतो. डॉ. आरोग्यस्वामी पॉलराज हे त्यांचे नाव. सुमारे तीन दशके नौदलाची सेवा केलेल्या या अधिकाऱ्याने बिनतारी संदेशवहनाला नवी दिशा दिली. त्यांच्या शिक्षणाचा पाया महाराष्ट्राच्या भूमीवर घातला गेला, हे आपल्या दृष्टीने विशेष होय.

खडकवासला, लोणावळा आणि दिल्ली

पॉलराज यांचा जन्म १९४४ साली आजच्या तामिळनाडूतील पोल्लाची येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. पुढे लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९६९ साली नौदलाने त्यांना उच्च शिक्षणासाठी दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाठविले. तेथे प्राध्यापक पी. व्ही. इंदिरेसन यांनी त्यांची कुवत ओळखली आणि त्यांना डॉक्टरेटच्या संशोधनाकडे वळविले. गोंगाटात मिसळून गेलेल्या संकेतातून मूळ संकेताचा अचूक अंदाज कसा करावा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. विषय निव्वळ गणिताचा. व्यवहारात त्याचा उपयोग काय, असे कोणालाही वाटले असते. त्याचे उत्तर लवकरच, आणि मोठ्या दुःखद रीतीने, मिळाले.

'खुक्री'चा धडा

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुक्री' ही आपली युद्धनौका बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक यांना वीरमरण आले. पाण्याखाली दडलेली पाणबुडी वेळेत हेरता न येणे ही उणीव या घटनेने तीव्रतेने पुढे आणली.

पाण्यात प्रकाश आणि बिनतारी लहरी फार दूर जात नाहीत. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने दूरवर जातो. म्हणून पाणबुडीचा शोध ध्वनीच्या साहाय्याने घ्यावा लागतो. 'सोनार' ही ध्वनिशोधक यंत्रणा पाण्यात ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी टिपते. परंतु लाटा, जहाजाची यंत्रे, सागरतळ व पृष्ठभाग यांवरून परतणारे असंख्य ध्वनी यांच्या कल्लोळात पाणबुडीचा क्षीण प्रतिध्वनी हरवून जातो. गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याचे जे गणित पॉलराज यांनी प्रबंधासाठी अभ्यासले होते, त्याची नेमकी येथेच गरज होती. नौदलात परतल्यावर त्यांनी ब्रिटिश बनावटीच्या '१७०बी' या सोनारमध्ये महत्त्वाची सुधारणा घडवून आणली.

त्यानंतर कोची येथील नौदलाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' ही संपूर्ण नवी सोनार यंत्रणा विकसित करण्यात आली. १९८० नंतरच्या दशकात ती आपल्या युद्धनौकांवर बसविली गेली. प्रगत राष्ट्रे असे तंत्रज्ञान सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नसत. अशा काळात ते देशात निर्माण झाले, ही मोठीच उपलब्धी म्हणावी लागेल.

पुण्याचे दुसरे नाव

या कथेत पुण्याशी निगडित आणखी एक नाव येते. प्राध्यापक थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात संकेतविज्ञानाचे अग्रगण्य प्राध्यापक म्हणून मान्यता पावले. १९८० नंतरच्या दशकात पॉलराज यांनी काही काळ त्यांच्या संशोधक गटात काम केले. एका रांगेत मांडलेल्या अनेक अँटेनांच्या साहाय्याने येणाऱ्या लहरींची दिशा ठरविणे, हा तेथील कामाचा विषय होता. पाण्यातील ध्वनी आणि हवेतील बिनतारी लहर यांच्या वेगात प्रचंड अंतर असले, तरी दोहोंचे गणित सख्खे आहे, हे येथे उपयोगी पडले.

मायदेशी परतल्यावर बंगळूर येथील कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानवशास्त्र केंद्र आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सची मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळा यांच्या उभारणीत त्यांनी मोलाचा वाटा उचलला. १९९१ मध्ये कमोडोर या हुद्द्यावरून ते सेवामुक्त झाले आणि पुन्हा स्टॅनफर्डला गेले.

अडथळाच झाला साधन

तेथे एकाच वेळी येणारे संकेत एकमेकांपासून वेगळे कसे करावेत, याचे प्रयोग चालू असताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. लहरी वाटेत आपटून विखुरल्या की, अगदी जवळजवळ असलेल्या प्रेषकांचे संकेतही वेगळे करता येतात. वास्तविक इमारती, टेकड्या यांवरून परावर्तित होणाऱ्या लहरी ही बिनतारी संदेशवहनातील जुनी डोकेदुखी समजली जात असे. पॉलराज यांना त्याच अडचणीत संधी दिसली.

ही कल्पना शालेय बीजगणिताने स्पष्ट होते. दोन अँटेनांवरून 'क्ष' आणि 'य' असे दोन संदेश एकाच वेळी, एकाच लहरपट्ट्यात सोडले, असे समजू. ग्रहण करणाऱ्या दोन अँटेनांना त्यांची दोन मिश्रणे मिळतील. मोकळ्या मैदानात दोन्ही मिश्रणे जवळपास सारखीच असतात. क्ष + य = १० आणि २क्ष + २य = २० या समीकरणांतून क्ष व य यांच्या किमती काढता येत नाहीत; कारण दुसरे समीकरण ही पहिल्याचीच दुप्पट आहे. परंतु लहरी निरनिराळ्या वाटांनी आपटून आल्या, तर मिश्रणे भिन्न होतात. समजा, क्ष + य = १० आणि क्ष − य = २ अशी समीकरणे मिळाली; आता क्ष = ६ व य = ४ हे उत्तर तात्काळ निघते. समीकरणांतील सहगुणक कळावेत म्हणून प्रेषक अधूनमधून आधीच ठरलेला संकेत पाठवितो. त्यावरून ग्राहक यंत्र वाटेचे स्वरूप ताडते, आणि वाट बदलत असल्याने हे काम सेकंदात अनेकदा करते.

याचे महत्त्व मोठे आहे. बिनतारी लहरींचा पट्टा, म्हणजे स्पेक्ट्रम, मर्यादित आहे. तो जमिनीप्रमाणेच वाढविता येत नाही. त्याच पट्ट्यातून दुप्पट, चौपट माहिती नेता येणे म्हणजे एकाच शेतात एकाच हंगामी अनेक पिके घेण्यासारखे होय. या पद्धतीला 'मायमो' म्हणतात. पॉलराज व कैलाथ यांनी १९९२ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ साली ते मंजूर झाले. आरंभी या कल्पनेविषयी जाणकारांनाही शंका होती. पुढे बेल प्रयोगशाळेतील एम्रे तेलातार व जेरार्ड फॉस्चिनी यांच्या संशोधनाने तिला भक्कम सैद्धांतिक आधार दिला. पॉलराज यांनी १९९८ साली स्वतः उद्योग उभारून ती प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. २००९ च्या वायफाय मानकात, ४जी मध्ये आणि नंतर ५जी मध्ये ही पद्धत रूढ झाली. ५जी च्या एकेका पेटीत आता ३२ किंवा ६४ स्वतंत्र प्रेषक-ग्राहक असतात.

२०१० साली भारत सरकारने पॉलराज यांना 'पद्मभूषण' देऊन गौरविले. २०१४ साली त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळाले. ५जी संबंधी केंद्र शासनाने नेमलेल्या सुकाणू समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. समितीने २०१८ साली आपला अहवाल सादर केला.

आपल्यासाठी बोध

ग्रामपंचायतींनी येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी. जेथे लहर मुळातच क्षीण पोहोचते, तेथे अनेक अँटेनांचा उपयोग वेग वाढविण्यापेक्षा संपर्क टिकविण्यासाठी होतो. त्यामुळे दुर्गम वाडीवस्तीला योग्य अंतरावर मनोरा, त्याला अखंड वीज आणि भरवशाची केबल यांची गरज या शोधाने संपत नाही.

शिक्षकांसाठी बोध अधिक खोल आहे. दोन समीकरणे, दोन अज्ञात संख्या हा पाठ फळ्यावर रुक्ष वाटतो. पण त्याच पाठाच्या बळावर आज कोट्यवधी हातांतील यंत्रे बोलतात, हे मुलांना सांगता येईल. आणि प्रशासनासाठीही यात एक विचार आहे. एका तरुण अधिकाऱ्याला अभ्यासासाठी मोकळीक दिली गेली, तेव्हा त्या ज्ञानाचा उपयोग काय होईल, हे कोणीही सांगू शकले नसते. नौदलाला त्याचे फळ काही वर्षांतच मिळाले, तर जगाला वीस वर्षांनी. ज्ञानावर केलेला खर्च असा सावकाश फळाला येतो. मात्र तो वेळीच करावा लागतो.