आकाशक विभाजक, सागरी

आकाशक विभाजक, सागरी : नौकेवरील रेडिओ दूरध्वनी व इतर रेडिओ उपकरणे एकाच आकाशकावर सुरक्षितपणे चालविण्यासाठी वापरण्यात येणारे इलेक्ट्रॉनीय साधन. आकाशकाकडून आलेला संकेत ते सर्व ग्राहींना वाटून देते आणि एखादे उपकरण प्रेषण करू लागताच इतरांना आकाशकापासून अलग करते.

गरज : सागरी रेडिओ दूरध्वनी सु. १५६ ते १६२ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यात चालतो. संकटकाळी हाक देण्याची कंप्रता १५६·८ मेगॅहर्ट्‌झ आहे. नौकेची ओळख, स्थान, वेग व दिशा आपोआप कळविणारी स्वयंचलित अभिज्ञान प्रणाली १६१·९७५ व १६२·०२५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतांवर चालते. कंप्रता जवळजवळ असल्याने एकच आकाशक दोहोंना पुरतो. या तरंगांचा पल्ला मुख्यतः क्षितिजापुरता असल्यामुळे आकाशकाच्या उंचीला महत्त्व येते : १ मी. उंचीवरून रेडिओ क्षितिज सु. ४ किमी., तर १६ मी. उंचीवरून सु. १६ किमी. दूर असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००३ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार या दोन उपकरणांचे आकाशक एकाखाली एक असल्यास त्यांत किमान २ मी. आणि एकाच पातळीवर असल्यास किमान १० मी. अंतर असावे. लहान शिडाच्या नौकेच्या डोलकाठीवर एवढी जागा मिळत नाही.

साध्या जोडणीतील धोका : आकाशकाच्या केबलीला नुसता तिहेरी जोड देऊन दोन्ही उपकरणे जोडणे घातक असते. दूरध्वनीचा प्रेषक २५ वॉटपर्यंत शक्ती देतो, तर ग्राही वॉटच्या अब्जांशाहूनही क्षीण संकेतांसाठी बनविलेला असतो. त्यामुळे पहिल्याच प्रेषणात ग्राहीचा प्रवेशभाग जळू शकतो. शिवाय ५० ओहम संरोधाच्या दोन शाखा समांतर येऊन प्रेषकापुढे सु. २५ ओहम भार येतो व काही शक्ती परत फिरते.

कार्य : विभाजकातील संवेदक मंडल प्रेषण सुरू झाल्याचे ओळखते आणि जलद इलेक्ट्रॉनीय स्विच आकाशक प्रेषकाला जोडून ग्राहीची शाखा तोडते. ग्रहणाच्या वेळी संकेत दोन शाखांत विभागल्याने प्रत्येकीस निम्मीच शक्ती (३ डेसिबेल घट) मिळते. ही घट सक्रिय विभाजकातील विवर्धक भरून काढतो. बोलणे चालू असताना अभिज्ञान प्रणाली थांबते. परंतु तिचे संदेश थोड्याथोड्या वेळाने पुन्हा येत असल्याने थोडक्या संभाषणाने विशेष हानी होत नाही. लांबलेल्या संभाषणात मात्र जवळ येणारे जहाज पडद्यावर उशिरा दिसते.

दक्षता : केवळ ग्राहीसाठी बनविलेला विभाजक अभिज्ञान प्रणालीच्या प्रेषकाला जोडू नये, त्यासाठी दोन प्रेषकांचा विभाजक लागतो व त्यात दूरध्वनीला अग्रक्रम असावा. जोडबिंदूंची अदलाबदल झाल्यास संरक्षण नाहीसे होते. वीजपुरवठा खंडित झाला, तरी दूरध्वनी आकाशकाला जोडलेला राहील अशीच रचना निवडावी. स्थाननिश्चितीसाठी उपग्रहांचे संकेत १,५७५·४२ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेवर येत असल्याने त्यांना स्वतंत्र आकाशक लागतो.

विभाजकामुळे उपकरणे सुरक्षित राहिली, तरी नौका एकाच आकाशकावर विसंबते. डोलकाठी मोडली किंवा केबलीत खारे पाणी शिरले, तर दोन्ही उपकरणे ऐन संकटात एकदमच निकामी होतात. म्हणून दूरध्वनीला थेट जोडता येईल असा राखीव आकाशक हाताशी ठेवणे आवश्यक ठरते. [→ आकाशक].