भाताच्या पानातील बंदोबस्त

भाताच्या पानाची कड टोकाकडून पिवळी पडून वाळू लागली, आणि सकाळच्या दमट हवेत तिच्यावर पिवळसर चिकट थेंब दिसले, की तो कडा करपा समजावा. जपानात १८८४ पासून ज्ञात असलेला हा रोग झँथोमोनास ओरायझी या जीवाणूमुळे होतो. पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून वा जखमांतून तो आत शिरतो आणि थेट जलवाहिन्यांत ठाण मांडतो.

या शत्रूस ओळखणारे एक जनुक आफ्रिकेतील मालीच्या रानभातात सापडले. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरुदेव खुश यांनी संकराने ते लागवडीच्या भातात आणले, आणि १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ते अलग केले. एक्सए-२१ असे नाव पावलेल्या या जनुकापासून घडणारे प्रथिन पेशीच्या पटलात आरपार रोवलेले असते. त्याचा बाहेरचा भाग जीवाणूचा एक विशिष्ट पेप्टाइड हेरतो आणि आतला भाग पेशीस सावध करतो.

परंतु मला अधिक विलक्षण वाटते ते एक्सए-१३ हे अप्रभावी जनुक. जीवाणू आपली काही प्रथिने पेशीत घुसवतो. ती केंद्रकात पोहोचून, बनावट शिक्क्याचा हुकूम घेऊन आलेल्या तोतयाने सरकारी कोठार उघडवावे त्याप्रमाणे, शर्करा बाहेर सोडणाऱ्या जनुकास कामास लावतात, आणि त्या शर्करेवर जीवाणू पोसला जातो. हे शर्करावाहक जनुक मुळातूनच टाकून द्यावे, तर परागकण पोसण्यासाठी त्याची गरज असते. म्हणून ज्या वाणांत प्रतिकार आहे, त्यांत मूळ जनुक शाबूत असून त्याच्या आधीचा, जीवाणूचे प्रथिन जेथे चिकटते तेवढाच मजकूर बदललेला आढळतो; हे बदललेले रूप म्हणजेच एक्सए-१३. अप्रभावी असल्यामुळे दोन्ही पालकांकडून तीच प्रत आली तरच हा प्रतिकार प्रकटतो. एक्सए-५ मध्ये तर जनुकवाचनाच्या यंत्रणेतील एका प्रथिनाचा अवघा एक घटक बदललेला असतो. तेवढ्याने जीवाणूच्या हस्तकांची पकड ढिली पडते.

तथापि, दुसऱ्या शर्करावाहक जनुकास चेतवणारे प्रथिन ज्या जीवाणूपाशी आहे, त्यास एक्सए-१३ एकटे थोपवू शकत नाही. म्हणून हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने ही तिन्ही जनुके सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात एकत्र आणली. रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासून तिन्ही आहेत की नाहीत हे ठरवावे, निवडलेले रोप पुन्हा सांबा मसुरीशीच संकरित करावे, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिश्रमांतून, बारीक दाणा व शिजण्याचे गुण राखून, सुधारित सांबा मसुरी सिद्ध झाली आणि २००८ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाली.