काळ्या पडद्यावरची पहिली शंका

चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटी करून पुढे संगणकशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी प्रथमच लिनक्सचे टर्मिनल उघडतो, तेव्हा काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या चिन्हाखेरीज त्याच्यासमोर काहीच नसते. शंका आली की इंटरनेटवर शोधायचे, ही सर्वांची सवय. परंतु पावसाळ्यात नेटवर्क गेले की शोधही तेथेच थांबतो. या आज्ञांची पुस्तिका बहुधा त्याच संगणकात साठवलेली असते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

ही परंपरा जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्स प्रणालीच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याच धर्तीची पुस्तिका लिनक्समध्ये 'मॅन' या आज्ञेने उघडते. 'मॅन' लिहून, एक जागा सोडून, हव्या त्या आज्ञेचे नाव द्यावे. स्पेसबारने पान पुढे सरकते, तिरपी रेघ देऊन शब्द लिहिला की तो शोधता येतो. आत गेल्यावर बाहेर कसे पडायचे, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी 'क्यू' हे अक्षर दाबणे पुरेसे असते.

सांकेतिक ओळ कशी वाचावी?

पुस्तिकेच्या आरंभी आज्ञेची रचना सांगणारी एक ओळ असते. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. वास्तविक सर्वांत मोलाची तीच. चौकटी कंसातील भाग ऐच्छिक असतो. कंस स्वतः टंकायचे नसतात. तीन टिंबांचा अर्थ, तो घटक एकाहून अधिक वेळा देता येतो.

फाइलची प्रत काढणाऱ्या 'सीपी' या आज्ञेचेच पाहा. आधी मूळ फाइल आणि नंतर प्रतीचे ठिकाण, असा क्रम त्या ओळीत दिलेला असतो. तो उलटा झाला, तर जुनी प्रत नव्या फाइलवर चढते आणि महिनाभर लिहिलेला प्रकल्प-अहवाल क्षणात पुसला जातो. संगणक सहसा विचारतही नाही. त्याने आधी विचारावे असे वाटत असेल, तर आज्ञेनंतर 'डॅश-आय' हा पर्याय द्यावा, हेही त्याच पुस्तिकेत लिहिलेले असते. फाइल काढून टाकणारी 'आरएम' तर आणखी जपून वापरावी. तिने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. म्हणून कुठूनतरी उतरवून घेतलेली आज्ञा पुस्तिकेत पडताळल्याखेरीज चालवू नये.

नावच ठाऊक नसेल तर?

आज्ञेचे नाव माहीत नसल्यास 'मॅन डॅश-के' लिहून पुढे विषयाचा इंग्रजी शब्द द्यावा. त्याच्याशी संबंधित आज्ञांची यादी मिळते. 'सीडी'सारख्या काही आज्ञा मात्र बॅश या शेलच्याच अंगभूत असतात. त्यांची स्वतंत्र पुस्तिका अनेकदा सापडत नाही. तेथे 'हेल्प सीडी' असे विचारावे. एकाच नावाच्या दोन पुस्तिकाही असू शकतात. 'पासवर्ड' या अर्थाची आज्ञा पहिल्या विभागात, तर त्याच नावाच्या फाइलची माहिती पाचव्या विभागात असते. म्हणून नावाआधी विभागाचा आकडा द्यावा लागतो.

उरतो भाषेचा अडसर. या पुस्तिका बहुतांशी इंग्रजीत आणि अतिशय आटोपशीर असतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सच्या प्राथमिक आज्ञांवरील पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध करून दिले आहेत. नेटवर्क असताना ते उतरवून ठेवले, तर नंतर इंटरनेटविनाही पाहता येतात. आधी मराठी पाठ पाहावा, मग पुस्तिकेतील तेच पान वाचावे. ओळखीचे शब्द हळूहळू वाढत जातात.

प्रारंभी सरावासाठी एक रिकामा फोल्डर करावा आणि चुका तेथेच कराव्यात. पहिली आज्ञा असावी 'मॅन मॅन'. पुस्तिका कशी वाचावी, हे पुस्तिकाच सांगते.