रविवारी मोकळे असणारे मैदान

मराठीच्या प्राध्यापकाने गोल्फवर लिहावे, यात वाचकांना थोडा आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारते, "का हो, कुठे गुप्तधन सापडले की काय?" तसे काही सापडलेले नाही. जुन्या बाजारातून घेतलेले चार क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, एवढीच या खेळातली माझी मालमत्ता. बाकी सगळे मनोराज्य!

हे वेड मला लागले मामांमुळे. मामा एका छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माळी होते. मे महिन्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे जाई आणि झुडपांत हरवलेले चेंडू हुडकून देई. सोमवारी मैदान बंद असे. त्या दिवशी माळी आणि कॅडी यांना खेळायची मुभा होती. अशाच एका सोमवारी मामांनी माझ्या हातात क्लब दिला आणि म्हणाले, "चेंडूकडे बघ. तो कुठे जातो ते मागाहून बघू." साहेबलोकांनी टाकलेली रंगीत मासिके मामा घरी आणत. इंग्रजी त्यांना येत नसे. ते चित्रांतले गवत बघत. मी मात्र त्या चित्रांतल्या मैदानांवर मनातल्या मनात खेळू लागलो, तो आजतागायत खेळतो आहे.

त्यांत पहिले होते अमेरिकेतले ऑगस्टा. बॉबी जोन्स या नामवंत खेळाडूने अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीच्या मदतीने ते आखले. पूर्वी तिथे रोपवाटिका होती, म्हणून प्रत्येक टप्प्याला एकेका झाडाचे नाव! मामांना याचे कोण कौतुक. पण 1934 पासून मास्टर्स स्पर्धा भरवणाऱ्या या क्लबात आमंत्रणावाचून शिरकाव नाही. स्त्रियांना सभासद करून घ्यायला त्यांना 2012 साल उजाडावे लागले. तिथे माझी वर्णी लागण्याचा प्रश्नच नाही. दुसरे कॅलिफोर्नियातले पेबल बीच. त्याचा सातवा टप्पा जेमतेम शंभर यार्डांचा, पण पलीकडे सगळा समुद्र. तिथे कोणीही खेळावे. मात्र एका डावाला सहाशे डॉलरांच्या वर मोजावेत. हा आकडा ऐकून सौ. काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला पुरते कळते.

राहता राहिले स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज. तिथला ओल्ड कोर्स म्हणजे गोल्फची पंढरीच. चित्रात मात्र ते मैदान अगदी ओसाड माळासारखे दिसते. झाडे जवळजवळ नाहीतच. उंचसखल वाळूची जमीन, वारा आणि शंभराहून अधिक वाळूचे खड्डे. एका अजस्र खड्ड्याचे नावच मुळी नरक! दोन दोन भोकांना मिळून एकच अशा सात प्रचंड जोडहिरवळी तिथे आहेत. गोल्फचा डाव अठरा भोकांचा, हा पायंडाही इथलाच: 1764 मध्ये बावीसांची अठरा झाली. जोन्स 1921 साली इथे पहिल्यांदा खेळला तेव्हा अकराव्या भोकापाशी असा वैतागला की डाव टाकूनच दिला. पुढे 1927 मध्ये याच मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, आणि 1958 मध्ये गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला. त्याच्या आधी हा मान मिळालेला अमेरिकन एकच, बेंजामिन फ्रँकलिन.

पण मामांचा जीव जडला तो टॉम मॉरिसवर. हा गृहस्थ त्या मैदानाची निगा राखणारा, म्हणजे मामांच्या भाषेत हेडमाळी. खेळाडू असा की त्याने ओपन चार वेळा जिंकली. 1867 च्या विजयाच्या वेळी तो 46 वर्षांचा होता. त्याहून थोराड विजेता या स्पर्धेला अजून मिळालेला नाही. हिरवळीवर वाळू पसरून गवत धरवण्याचा त्याचा फार आग्रह. शेवटच्या टप्प्याला आज त्याचेच नाव आहे. मी हे वाचून दाखवले तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माळ्याचं नाव दिलं? आणि तो सगळ्यांबरोबर खेळायचा?" मामा तीस वर्षांत सोमवारखेरीज कधी खेळले नव्हते.

हे मैदान कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क 1552 च्या सनदेतच नोंदलेला आहे. बाहेरच्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात. आपली निघाली की पैसे भरून खेळावे. हे वाचून माझी आशा पालवली. पण पुढे एक मेख होती. हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाच्या कुवतीचा, दाखला लागतो. तो मिळायचा क्लबामार्फत, आणि आमच्या शहरात क्लबाचे सभासद व्हायचे तर लाखांची गोष्ट. चिठ्ठी निघेलही, दाखल्याचे काय?

गेल्या दिवाळीत मामा आमच्याकडे आले होते. सत्तरी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात. मी माझे रडगाणे त्यांच्यापुढे गात बसलो होतो. सौ. चकल्या पाडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "रविवारी काय असतं तिथे?"

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठी स्पर्धा नसली तर मैदान सर्वांना मोकळे. लोक मुलाबाळांसकट, कुत्र्यांसकट फिरायला येतात. चिठ्ठी नको, दाखला नको, पैसे नकोत. सतराव्या हिरवळीपलीकडच्या, हॉटेलापुढून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहावे, तो चिमुकला दगडी पूल ओलांडावा, मॉरिसच्या शेवटच्या हिरवळीपर्यंत सावकाश चालत जावे. कित्येकदा वाचले होते मी हे. पण खेळण्याच्या हव्यासात त्या ओळींवर माझी नजर ठरलीच नव्हती.

"मग रविवारचंच जाऊ," सौ. म्हणाली. "विमानाचे पैसे साठवायला किती वर्षं लागतील तेवढं सांगा."

मी हिशेब मांडला. तीन वर्षे, घराला रंग द्यायचा राहिला तर दोन. पोस्टात खाते उघडले आहे. मामांच्या पासपोर्टाचा अर्जही भरला, व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू विचारले तर म्हणाले, "माळी लिही, निवृत्त लिहू नकोस."

त्यांना काळजी आहे ती निराळीच. परवा फोन करून विचारत होते, "अरे, एवढी कुत्री सोडतात म्हणतोस, मग सोमवारी ती हिरवळ सारखी कोण करतं?"