गादी ओली होते ती झोपेत

“एवढा घोडा झाला, तरी अंथरूण ओलं करतो!” पाहुण्यांसमोर हे हमखास ऐकवलं जातं. आधी वयाचं पाहू. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत डॉक्टर याला तक्रारच मानत नाहीत. पाचव्या वर्षी शंभरातली साधारण १५ मुलं रात्री ओली असतात, दहाव्या वर्षी पाचेक. म्हणजे चौथीच्या भरलेल्या वर्गात अशी दोघं-तिघं असायचीच, सांगत कुणी नाही.

आणि यात आळस नसतो. रात्री शरीरात व्हासोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं आणि लघवी कमी तयार होते. काही मुलांत ते पुरेसं वाढत नाही. काहींचं मूत्राशय थोड्या लघवीनेही आकुंचन पावतं. त्यातच, ते भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूला जागं करू शकत नाही. यातलं काहीच मुलाच्या हातात नाही, त्यामुळे मारून, लाजवून उपयोग शून्य.

“आमच्या घराण्यात असलं नव्हतं.” आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७. आजीला विचारावं, ती बाबांचं बिंग फोडते.

“संध्याकाळनंतर पाणी बंद.” खरी गडबड दिवसा होते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून मुलं, विशेषतः मुली, पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. घरी आल्यावर मग तांब्याभर पाणी घटाघटा पितात. पाणी दिवसभरात विभागून प्यायला हवं. झोपण्याआधीचे दोनेक तास ते कमी करावं आणि झोपताना लघवीला पाठवावं. चहा आणि कोला मात्र खुशाल बंद करा. बद्धकोष्ठही बघा: साठलेला मळ मूत्राशयावर दाब देतो आणि नुसतं पोट साफ होऊ लागल्यावर कित्येक मुलांच्या गाद्या कोरड्या राहतात.

रात्री उचलून मोरीत उभं केलं की सवय लागते, हीही समजूतच. अर्धवट झोपेतलं मूल त्यातून काही शिकत नाही, त्या रात्रीची चादर तेवढी वाचते. शिकवतो तो अलार्म. चड्डीला लावलेल्या सेन्सरला पहिला ओलावा लागताच तो वाजतो. अमेरिकेत मॉवरर दांपत्याने १९३८ मध्ये या पद्धतीवर लिहिलं, तेव्हापासून ती टिकून आहे. साधारण तीनांतल्या दोन मुलांना गुण येतो; पण दोन-तीन महिने चिकाटी लागते, आणि सुरुवातीला अलार्मने अख्खं घर जागं होतं, मूल सोडून! त्याला आई-बाबांनीच पूर्ण जागं करायचं.

व्हासोप्रेसिनसारखं काम करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी सहलीला किंवा मामाच्या गावी जाताना सोयीची. बंद केली की त्रास बहुधा परततो. ती डॉक्टरांनी सांगितली तरच द्यावी, आणि गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी बेताचं. जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. घरगुती उपाय म्हणून तीळगूळ द्यायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे.

“आपोआप जाईल” हे बऱ्याच अंशी खरं आहे: दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुलं उपचाराविना बरी होतात. पण लघवीला जळजळ, दिवसाही चड्डी ओली होणं, बारीक धार किंवा रोजचं जोरात घोरणं असेल तर वाट पाहू नये. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तरीही डॉक्टरांना दाखवावं. त्यातही तहान फार वाढली आणि वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.