आधी धागा, मग शाई

गणपतीच्या दिवसांत मंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून पुण्यातल्या एका लहानशा छपाईखान्यात गेले. स्क्रीन छपाईचा इतिहास पुस्तकांत सापडतो: मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं, वगैरे. मला खिळवून ठेवलं ते इथल्या कलर मास्तरांनी.

ऑर्डरचा टी-शर्ट हातात आला की ते आतल्या कडेच्या कापडाचा एक धागा ओढतात आणि त्याला काडी लावतात. शिवणीचा दोरा घेत नाहीत, कारण सुती टी-शर्टलाही तो बहुधा पॉलिस्टरचाच असतो. कागद जळल्याचा वास येऊन मऊ राख झाली तर कापड सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. शाईचा डबा उघडतो तो त्यानंतर. गिऱ्हाईक रंग सांगतं, भाव विचारतं; कापड कोणतं, हे क्वचितच सांगतं.

फिकट सुती कापडाला मास्तर पाण्यावरची शाई घेतात. ती धाग्यात मुरते, छाप हाताला जाणवत नाही. पण ती जाळीतच वाळते. उन्हाळ्यात फ्रेम थोडा वेळ नुसती पडली तरी बारीक अक्षरं बुजतात. काळ्या कापडावर ती उठत नाही. तिथे 'खादी पेस्ट' नावाची दाट पांढरी शाई लागते, नाहीतर प्लास्टिसोल.

प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. त्यात पाणी नसल्याने रात्रभर फ्रेमवर राहिलेली शाईही सकाळी चालते. ती पक्की होते फक्त उष्णतेने, साधारण १६० अंश सेल्सिअसला, आणि तेवढी उष्णता थराच्या तळापर्यंत पोचावी लागते. पावसाळ्यात सुती कापड ओल धरतं, भट्टीची उष्णता आधी ती ओल उडवण्यात जाते. मग मास्तर भट्टीतून माल नेणाऱ्या पट्ट्याचा वेग कमी करतात आणि थंड झालेला छाप दोन्ही हातांनी ताणून बघतात. तडा दिसला की शाई कच्ची, माल पुन्हा भट्टीत. ही सवय मला फार मोलाची वाटली, कारण कच्चा छाप दुकानात अगदी पक्क्यासारखाच दिसतो.

खरी काळजी आहे ती पॉलिस्टरची, आणि मंडळांना आता पॉलिस्टरचं 'ड्राय-फिट'च हवं असतं. लाल पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं छापली की भट्टीतून ती शुभ्रच बाहेर येतात. गुलाबी होतात ती नंतर, कधी गठ्ठ्यात बांधल्यावर. पॉलिस्टरमधला रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता त्यात विरघळलेला असतो. उष्णतेने तो सुटतो आणि प्लास्टिसोलमधल्या तेलकट द्रव्यात शिरतो. छाप थंड झाला तरी हे शिरणं थांबत नाही. उपाय आहेत: कमी तापमानाला पक्की होणारी, रंग रोखणारी शाई, पांढऱ्याखाली करड्या रंगाचा अडवणारा थर, गरम टी-शर्ट एकावर एक न रचणं. पण ही शाई महाग, थर वाढला की एक फ्रेम वाढते, आणि नमुना छापून काही दिवस ठेवल्याशिवाय कोणताच उपाय खात्रीचा नाही. मिरवणूक तोंडावर आल्यावर येणाऱ्या ऑर्डरीला ते दिवस कुठून आणायचे? मग नमुना न ठेवताच माल निघतो, आणि गुलाबी अक्षरांचा दोष छापणाऱ्याच्या माथी येतो.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती: रंग आणि भाव ठरवण्याआधी कोरा टी-शर्ट छपाईखान्यात पोचवा, तोही किमान पंधरा दिवस आधी. आणि प्लास्टिसोलचा छाप इस्त्रीने वितळतो, तेव्हा टी-शर्ट उलटा करूनच इस्त्री फिरवा.