मोबाईलवर ‘चालू’ दिसतं, पण मोटर खरंच फिरते का?

रात्रीचे दोन वाजलेत. शेतीच्या लाइनला थ्री फेज आलाय. कांद्याचं भरणं राहिलंय आणि विहीर घरापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर, उसाच्या कडेला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात ही वेळ घराघरात येते. शेतीची लाईट पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. आणि उसात बिबट्या असतो, हे इथे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पूर्वी हातात बॅटरी आणि काठी घेऊन जावंच लागायचं. आता पुष्कळ जण अंथरुणातूनच मोबाईलवर बटन दाबतात आणि मोटर सुरू होते.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात विचारतो, “मोबाईलने मोटर कशी काय चालू झाली?” पोरं सांगतात, “रेंजने.” रेंजने निरोप पोहोचतो, हे खरं आहे. पण निरोप पोहोचला म्हणजे काम झालं असं नाही. मोबाईलमधल्या निरोपात विहिरीतलं पाणी उचलायची ताकद नसते. मग ती ताकद कुठून येते? इंटरनेटला जोडलेल्या पुष्कळ यंत्रांत एक भाग असा असतो, जो विजेचा इशारा घेतो आणि प्रत्यक्षात काहीतरी हलवतो, ओढतो, फिरवतो किंवा वाजवतो. त्याला ‘ॲक्च्युएटर’ म्हणतात. नाव अवघड आहे, म्हणून आम्ही वर्गात त्याला ‘अंमलदार’ म्हणतो. ‘अंमल’ हा शब्द अरबीतल्या ‘अमल’वरूनच आपल्या मराठीत आलाय. सेन्सर खबर आणतो, मधली चिप हुकूम देते आणि अंमलदार त्या हुकमावर अमल करतो.

हुकूम छोटा, काम मोठं

आधी थोडा हिशोब पाहू. मोबाईल स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं आणि एक छोटी चिप असते. हुकूम आला की चिपच्या एका पायावर साधारण ३.३ व्होल्टचा इशारा येतो. त्यातून वाहणारा करंट काही मिलिॲम्पियरचा, म्हणजे छोटासा एलईडी दिवा लागेल एवढाच. दुसऱ्या टोकाला आहे ५ एचपीची मोटर. तिला ४१५ व्होल्टची थ्री फेज वीज लागते आणि चालताना ती साधारण ७ ते ८ ॲम्पियर ओढते. म्हणजे सुमारे ३,७०० वॅटचं काम. इशाऱ्याची ताकद आणि मोटरची ताकद यांत लाखपटीचा फरक आहे. चिप थेट मोटरला जोडली तर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत जळेल.

म्हणून हुकूम पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढवतात. पहिली पायरी ट्रान्झिस्टरची. चिपच्या इशाऱ्यावर तो जरा मोठा करंट सोडतो. दुसरी पायरी रिलेची. रिलेमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून करंट गेला की तिचं लोहचुंबक बनतं, ते एक छोटी पट्टी ओढतं आणि ‘टक’ असा आवाज होतो. या ‘टक’पाशी इशाऱ्याची पहिल्यांदा हालचाल झाली. आधी सगळी नुसती वीज होती, आता लोखंड हललं.

तिसरी पायरी आपल्या नेहमीच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची. आपण हिरवं बटन दाबतो तेव्हा आतल्या कॉइलला वीज मिळते. ती कॉइल जाड लोखंडी तुकडा खेचते आणि तिन्ही फेजचे पॉइंट एकदम जुळतात. मोबाईल स्टार्टरचा रिले एवढंच करतो, तो हिरव्या बटनावरच्या आपल्या बोटाची जागा घेतो. दुसरा रिले लाल बटनाची. मोटर फिरते ती महावितरणच्या विजेवर, मोबाईलच्या नाही. मोबाईलने फक्त दार उघडलं.

लाईट गेली की कॉइलचं चुंबक संपतं, स्प्रिंग पॉइंट मागे ढकलते आणि मोटर सुटते. लाईट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, ते यामुळेच. ऑटो स्विच बसवला असेल तर मात्र होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाण्याच्याच जोरावर उघडणारा व्हॉल्व्ह

नारायणगाव भागात द्राक्ष, डाळिंब, टोमॅटोच्या ठिबकवर आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह काही बागांत दिसतात. बोटभर कॉइल मोठ्या पाइपातलं पाणी कसं अडवते, हा प्रश्न पडतो. खरं तर ती अडवतच नाही. व्हॉल्व्हच्या आत रबरी पडदा असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला पाण्याचाच दाब असतो. तो दाब पडद्याला खाली दाबून ठेवतो. कॉइलमध्ये करंट गेला की ती एक छोटा दांडा उचलते आणि बारीकसं भोक उघडतं. वरचा दाब निघून जातो आणि खालचं पाणी पडद्याला स्वतःच उचलतं. इथेही तोच प्रकार. इशाऱ्याने फक्त सुरुवात केली, काम पाण्याने केलं.

ही अक्कल नवी नाही. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी ‘किताब अल-हियल’मध्ये सुमारे शंभर यंत्रांची वर्णनं लिहिली. पाण्याची पातळी आणि दाब यांवर आपोआप उघडझाप करणारे व्हॉल्व्ह त्यांत आहेत. पुढे १२०६ मध्ये दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरींनी आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात हात धुण्याचं एक मोराचं यंत्र आहे. पाणी साठत गेलं की आतले तरंगते तुकडे वर येतात आणि बाहुल्या साबण आणि टॉवेल घेऊन पुढे येतात. त्या काळी वीज नव्हती, पाणीच हुकूम द्यायचं आणि पाणीच अंमल करायचं. आपल्या पोरांना ही नावं नुसती अभिमानाने सांगू नयेत, त्यांची यंत्रं कशी चालायची हेही सांगावं.

खोडदची ताटं काय शिकवतात

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाची ३० ताटं सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलीत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे शाळांची गर्दी होते. पोरं वर बघत राहतात. आम्ही त्यांना सांगतो, खालच्या मोटरांकडेही बघा.

नियंत्रण कक्षातून ऑप्टिकल फायबरवरून हुकूम जातो आणि मोटरा ते अजस्र ताट आडवं फिरवतात, वर-खाली कलवतात. पण ‘फिर’ म्हटलं आणि सोडून दिलं, असं तिथे चालत नाही. ताट आत्ता नेमकं किती अंशावर आहे हे एन्कोडर नावाचा भाग सतत सांगत असतो. हवं तेवढं फिरलं नसेल तर मोटर पुढे ढकलते आणि जवळ आलं की हळू करते. म्हणजे हुकूम, अंमल आणि परत खबर, असं पूर्ण चक्र असतं.

आता आपल्या विहिरीकडे या. स्वस्तातल्या काही मोबाईल स्टार्टरमध्ये हे शेवटचं टोकच नसतं. ॲपवर हिरवं ‘चालू’ येतं, पण त्याचा अर्थ एवढाच, की रिलेला हुकूम दिला. पॉइंट जुळले का, तिन्ही फेज आहेत का, पाणी उचललं का, हे त्या पेटीला ठाऊकच नसतं. आमच्या ओळखीच्या एका घरी असंच झालं. रात्रभर मोबाईलवर ‘चालू’ दिसत होतं. सकाळी पाहतात तर वाफे कोरडे आणि मोटरचा जळका वास. एक फेज गेला होता, मोटर नुसती हुं-हुं करत राहिली आणि वाइंडिंग जळलं. भरणं गेलं ते गेलं, वर मोटर भरून आणायचा खर्च.

चांगल्या पेटीत करंट मोजायची सोय असते. पाणी नसेल तर मोटरवरचा भार कमी होतो आणि करंट उतरतो. फेज गेला किंवा काही अडकलं तर करंट वाढतो. पेटी हे पाहून मोटर बंद करते आणि तसा निरोप पाठवते. म्हणून घेताना दुकानदाराला तीनच प्रश्न विचारा. ‘चालू’ हे करंट मोजून दाखवतं की नुसत्या हुकमावरून? एक फेज गेला तर मोटर बंद होते का? पाणी सुटलं तर कळतं का? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरं दुकान बघा.

जीव वाचवणारं यंत्र, जीव घेणारंही

वनविभागाने जुन्नर परिसरात काही ठिकाणी एआय कॅमेऱ्याचे सायरन बसवलेत. तिथेही तोच क्रम आहे. कॅमेरा खबर देतो, आतला संगणक बिबट्या ओळखतो, सायरन वाजतो. सायरन हाही अंमलदारच, विजेच्या इशाऱ्याने पडदा थरथरवणारा. त्याची बॅटरी उतरली असेल तर कॅमेरा कितीही हुशार असो, गावाला काही कळणार नाही. म्हणून अशा यंत्राची चाचणी म्हणजे आवाज प्रत्यक्ष ऐकणं.

आता मघाची गोष्ट. दूरवरून चालू होणारी मोटर जवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही आणि तो माणूस मोबाईलवाल्याला दिसत नाही. वडील फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेत आणि घरी मुलाने बटन दाबलं, किंवा लाईट आली आणि ऑटो स्विचने मोटर सुरू केली, तर काय होईल? ॲपवर ‘बंद’ केलं म्हणजे वीज तोडली असं समजू नका. रिलेचे पॉइंट कधी कधी चिकटतातही, मग ‘बंद’चा हुकूम जाऊनही मोटर सुटत नाही. मोटरला, पंपाला किंवा पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि घरच्यांना फोन करून सांगा. आणि पेटीच्या आतलं काम वायरमनलाच करू द्या.

हेच आपल्या मशिदीतही लागू आहे. वुजूखान्याच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला की टाकी भरल्यावर मोटर आपोआप बंद होते. पाणी वाया घालवू नये ही आपली शिकवण, तिला यातून मदतच होते. पण वर्षभर तिकडे कुणी पाहिलंच नाही तर सेन्सरवर क्षार चढतात आणि टाकी वाहत राहते. मशिदीच्या कमिटीने महिन्यातून एकदा, जुम्याच्या आदल्या दिवशी म्हणा, टाकी भरताना मोटर खरंच बंद होते का हे उभं राहून पाहावं.

शेवटी पालकांना एक विनंती. पोरगा किंवा पोरगी जुना रिले, मोटर, चार्जर उघडून बसली तर रागावू नका. घरच्या मेन लाइनला जोडू देऊ नका, पण बॅटरीवर खेळू द्या. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड आपल्या मुलामुलींसाठी चांगला आहे. गावोगाव या पेट्या बसतायत, पण बसवणारे आणि दुरुस्त करणारे हात कमी आहेत. मशिदीच्या नोटीस बोर्डवर आयटीआयच्या प्रवेशाची तारीख लावली तरी पुष्कळ झालं.